बाबासाहेब वाद कसे जिंकत?



माजिवडा परिसरात तरुणांबरोबर काम करताना एक तक्रार आमच्या कानावर वरचेवर येते. कॉलेजात किंवा कामावर आरक्षणाचा, धम्माचा विषय निघतो. आपली मुलं बरोबर असतात, तरी वादात हरतात. राग येतो, आवाज चढतो आणि मुद्दा बाजूलाच राहतो. जयंतीला आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो, पण त्यांची वाद घालण्याची रीत शिकत नाही. म्हणून त्यांचं आयुष्य आज या एका बाजूने पाहू.

14 एप्रिल 1891 ला महू येथे जन्मलेले भीमराव साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेर पडल्यासारखे, वेगळे बसले. 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे जॉन ड्यूईंसारखे शिक्षक त्यांना लाभले. 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला. जात मनूने निर्माण केली, असं म्हणणं त्यांना किती सोपं होतं! पण कोणी एक माणूस अख्ख्या समाजावर जात लादू शकत नाही, असं त्यांनी मांडलं. जात मनूच्या आधीपासून होती, त्याने तिला नियमांत बांधलं. जातीचं मूळ त्यांनी जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांत दाखवलं. याच बाबासाहेबांच्या पुढाकाराने 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. म्हणजे मनूबद्दल त्यांना ममता नव्हती. तरीही आपल्या सोयीचा पण कच्चा मुद्दा त्यांनी वापरला नाही.

20 मार्च 1927 ला त्यांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. विरोधक कोर्टात गेले. अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट फार जुनी आहे, हा त्यांचा आधार. आजही आपल्याला हेच ऐकवतात : पूर्वापार चालत आलंय, म्हणून योग्य आहे. हा तर्कदोष आहे, कारण जुनेपणाने अन्याय न्याय होत नाही. बाबासाहेबांच्या बाजूने तर त्या जुनेपणाचाच पुरावा मागितला गेला. तो देता आला नाही. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. दहा वर्षं लागली, पण दावा पुराव्यावर पडला.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने 1936 च्या परिषदेसाठी त्यांना अध्यक्षपदाचं आमंत्रण दिलं. भाषणाचा मजकूर पाहून ते बिचकले आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली. धर्माची पारख त्याच्या वाईट नमुन्यांवरून नव्हे, उत्तम नमुन्यांवरून करावी, असा त्यांचा मुद्दा होता. बाबासाहेबांनी आधी विरोधकाचं म्हणणं मान्य करून पाहिलं, मग एकच प्रश्न विचारला : असे उत्तम लोक इतके थोडे का, आणि वाईट इतके जास्त का? चार चांगली माणसं दाखवून व्यवस्थेला निर्दोष ठरवण्याची युक्ती तिथेच उघडी पडली. आमच्या ऑफिसात जात पाळत नाहीत, असं कोणी सांगितलं तर हा प्रश्न आठवावा.

त्याच वर्षी 31 मे रोजी मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची बाजू मांडली. समोर कामगार होते, म्हणून भाषा साधी मराठी होती. वाडवडिलांचा धर्म कसा सोडायचा, नुसतं नाव बदलून काय होणार, अशा शंका त्यांनी स्वतःच पुढे घेतल्या आणि एकेक करून सोडवल्या. शेवटी निर्णय लोकांच्या बुद्धीवर सोपवला आणि त्यांना बुद्धाच्या अखेरच्या उपदेशाची आठवण दिली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली, ती त्यानंतर वीस वर्षांनी. तोवर त्यांनी लोकांना विचार करायला अवधी दिला. 6 डिसेंबर 1956 ला त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

आता थोडं आपल्याबद्दल. मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने रोज वाक्यं फिरतात. त्यातली कितीतरी त्यांच्या ग्रंथांत सापडत नाहीत, तरी आपण ती पुढे ढकलतो. बाबासाहेब म्हणाले, म्हणजे विषय संपला, हाही तर्कदोषच आहे. कालाम सुत्तात तथागतांनी केवळ परंपरा, ऐकीव गोष्ट किंवा गुरूचा शब्द म्हणून काही मानू नका असं सांगितलं. संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनीही विभूतिपूजेपासून सावध केलं. त्यांचं नाव घेऊन आपण त्यांचीच शिकवण मोडायची का?

आमची विनंती एवढीच आहे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत महिन्यातून एकदा वाद ठेवा. आरक्षणाच्या विरोधातली बाजू आपल्यातल्याच एकाने पूर्ण ताकदीने मांडावी, दुसऱ्याने आवाज न चढवता, पुराव्यासह उत्तर द्यावं. विरोधकाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आपल्याला त्याच्यापेक्षा नीट सांगता आला, की घाबरायचं कारण उरत नाही.

जय भीम!