बेथोव्हेनचे अखेरचे दुखणे

लुडविग व्हान बेथोव्हेनचे नाव निघाले की प्रथम त्याचे बहिरेपण आठवते. त्याचा प्राण घेतला तो मात्र यकृताच्या विकाराने.

१७७० च्या डिसेंबरात बॉन येथे जन्मलेला हा संगीतकार १७९२ मध्ये व्हिएन्नाला आला, तो कायमचाच. वडील दरबारी गायक, पण मद्याच्या आहारी गेलेले. त्यामुळे धाकट्या भावांचा भार विशीपूर्वीच त्याच्या खांद्यावर आला. तिशीच्या उंबरठ्यावर श्रवणशक्ती क्षीण होऊ लागली. १८०२ मध्ये भावांना उद्देशून लिहिलेल्या, पण कधीच न पाठवलेल्या पत्रात त्याने आपल्या मृत्यूनंतर आजाराचे वर्णन जगापुढे यावे, अशी इच्छा नोंदवली. १८२१ मध्ये त्याला कावीळ झाली. तरीही ७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी रंगमंचावर आली.

डिसेंबर १८२६ च्या आरंभी तो भावाच्या गावाहून कडाक्याच्या थंडीत उघड्या गाडीतून व्हिएन्नाला परतला. ताप, खोकला आणि कुशीत कळा सुरू झाल्या. डॉ. आंद्रेआस वाव्रुख यांनी फुफ्फुसदाहाचे निदान केले. त्यातून तो सावरतो न सावरतो तोच कावीळ उलटली आणि जलोदराने पोट फुगले. २० डिसेंबरला पोटाला छिद्र पाडून पाणी काढण्यात आले. जखमेभोवती दाह दिसला, तो आटोक्यात आला. पण पाणी पुनःपुन्हा साचत राहिले. फेब्रुवारीअखेरपर्यंत अशा चार शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळी निर्जंतुकीकरण ठाऊक नव्हते, कारण रोगजंतूंची कल्पनाच वैद्यकात रुजलेली नव्हती. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने १०० पौंडांची मदत धाडली. २६ मार्च १८२७ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्याने देह ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या शवविच्छेदनात यकृत आकसून निम्मे, चिवट व गाठीगाठींचे झालेले आढळले. प्लीहा दुपटीहून मोठी होती आणि पोटात गढूळ द्रव साचला होता. हे चित्र सिरोसिसचे होते. सिरोसिसमध्ये आतड्यातून आलेले जंतू गाळून नष्ट करण्याचे यकृताचे सामर्थ्य घटते. जलोदराच्या पाण्यात संरक्षक प्रथिने कमी असल्याने तेथे जंतू सहज फोफावतात. न्यूमोनियासारखा संसर्ग अशा यकृताला अखेरच्या उतरणीवर लोटू शकतो. बेथोव्हेनच्या दुखण्याचा क्रम याच्याशी जुळतो. पोटातील गढूळ पाणीही जंतुसंसर्गाचे असू शकेल, परंतु तशी खात्री आज देता येत नाही.

२०२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठ व जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी, त्याच्याच मानलेल्या केसांच्या पाच बटांतील जनुकद्रव्य तपासले. यकृतविकाराची आनुवंशिक प्रवणता आणि हेपॅटायटिस बी विषाणूचा संसर्ग त्यातून उघड झाला. मद्यपानाची त्यात भर पडली असावी. बहिरेपणाचे कारण मात्र हाती लागले नाही. दोन शतकांपूर्वीची त्याची इच्छा अशी अर्धीच पुरी झाली.

आज हेपॅटायटिस बीवर लस आहे. पोटातील पाणी निर्जंतुक सुईने काढून त्याची तपासणी होते; त्यातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरमागे २५० किंवा त्याहून अधिक आढळल्या, तर प्रतिजैविके तत्काळ सुरू केली जातात. सिरोसिसच्या रुग्णात संसर्ग असूनही ताप नसू शकतो. पोटदुखी वा अचानक आलेला गोंधळलेपणा हीच एकमेव खूण ठरू शकते. घरात असा रुग्ण असेल, तर त्या खुणेकडे दुर्लक्ष करू नये. बेथोव्हेनच्या वैद्यांजवळ यातले काहीही नव्हते.