एका दिवसाचे महाराज : पॅट्रिक गेडिस

नगररचना म्हटली की डोळ्यांपुढे नकाशा, फूटपट्टी आणि इंजिनिअरसाहेब उभे राहतात. ज्यांची घरे पाडायची त्यांना सहसा कोणी विचारीत नाही. त्यांना बरोबर घेऊनच गाव सुधारावे, असे म्हणणारे पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक!

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधला. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे जोडपे एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीतच राहावयास गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी तेथे भिंती रंगविल्या, खिडक्यांत फुलझाडे लावली.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. प्लेगच्या धास्तीने त्या काळी दाट वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढीत. (प्लेगने आपल्या हुबळीचीही दैना केली होती.) गेडिस मात्र बोळाबोळांतून पायी हिंडत. पडीक घर तेवढे काढावे, मोकळ्या जागी झाड लावावे, विहिरी-तलाव राखावेत, असे ते सुचवीत. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना विशेष पटेल अशी गोष्ट म्हणजे यात खर्चही पुष्कळ वाचे. विद्यानगरचे आखीव रस्ते पाहून जुन्या हुबळीच्या बोळांना नाके मुरडणाऱ्यांना हे कितपत रुचेल, कोण जाणे!

१९१७ या एकाच वर्षी त्यांचा थोरला मुलगा युद्धात पडला आणि पत्नीही वारली. याच सुमारास ते होळकरांच्या इंदुरात काम करीत होते. तेथे प्लेग होता आणि लोक या गोऱ्या साहेबाकडे संशयाने पाहत. गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले व जाहीर केले, की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, जेथे जास्तीत जास्त घरे झाडूनपुसून, डागडुजी करून सज्ज असतील त्या रस्त्याने जाईल. मग काय, गल्लीगल्लीत चढाओढ लागली! परसातला वर्षानुवर्षांचा केर बाहेर निघाला. मिरवणुकीत शुभ्र कपड्यांतले सफाई कामगार मानाने चालले, प्लेगच्या उंदराची प्रतिमा जाळली, तुळशीची रोपे वाटली. प्लेग या मिरवणुकीनेच हटला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण लोकांचा संशय फिटला.

१९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत निघाला. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. मालवणचे गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. पुढे तेच त्या विभागाचे प्रमुख झाले. १९२४ मध्ये गेडिस यांनी मुंबई सोडली. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील मॉंपेलिए येथे त्यांचे निधन झाले.