गुरांच्या डॉक्टरने भरलेली हवा

डनलॉप म्हटलं की आपल्याला टायर आठवतो, फार तर घरातली डनलॉपची गादी आठवते. पण डनलॉप नावाचा खराखुरा माणूस होता, आणि तो इंजिनिअर नव्हता तर चक्क गुरांचा डॉक्टर होता, हे किती जणांना ठाऊक आहे? मेकॅनिकलवाल्यांनी जरा मान खाली घालायला हरकत नाही!

जॉन बॉयड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी, शेतावर झाला. एडिंबरोला पशुवैद्यक शिकून १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्टमध्ये त्यांचा चांगला जम बसला. वयाच्या ४७ व्या वर्षापर्यंतची त्यांची गोष्ट एवढीच.

आता त्या काळची सायकल डोळ्यांसमोर आणा. आधीच्या उंच सायकलला पेडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेलं असायचं. म्हणजे ज्याचे पाय लांब त्याला मोठं चाक, अगदी पाच फुटांपर्यंत! सायकल अंगाला बसते की नाही हे चाकावर ठरायचं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी मागच्या चाकाला चेन लावलेली रोव्हर सायकल आणली आणि चाक व पाय यांची ही गाठ सुटली. सीट वर-खाली करा, झालं काम. पण चाकं लहान झाली, त्यावर भरीव रबराच्या पट्ट्या, आणि खाली दगडी रस्ते. लहान चाक प्रत्येक खड्ड्यात जास्त उतरतं. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची.

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता आणि बेलफास्टच्या फरसबंद रस्त्यांवर तीनचाकी चालवायचा. त्याला बसणारे हादरे कमी करायचे, एवढाच त्याच्या बाबांचा हेतू होता. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी एक लाकडी चकती घेतली, तिच्यावर पातळ रबराची नळी बसवली, ती कापडाच्या पट्टीने गुंडाळली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात आधी तीनचाकीचं भरीव चाक घरंगळत सोडलं आणि नंतर ही चकती. चाक मधेच आडवं झालं. चकती मात्र अंगण पार करून फाटकावर आपटली आणि उलटी आली! मला तर हा प्रसंग आपल्या कुठल्याही लॅबमधल्या प्रॅक्टिकलपेक्षा भारी वाटतो. एक बदल, बाकी सगळं जवळपास तेच, आणि रिझल्ट डोळ्यांसमोर.

याचं कारण सोपं आहे. भरीव चाक खडा लागला की सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलतं. ती ताकद पाय मारणाऱ्याच्याच खिशातून जाते. हवेचा टायर खडा स्वतःच्या पोटात घेतो. (शब्दकोशात याला 'वायवीय टायर' म्हणतात, पण तसं म्हटलं तर पंक्चरवालासुद्धा बघत राहील.)

२८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री जॉनीने हवेचे टायर लावलेली तीनचाकी चालवून पाहिली. ७ डिसेंबर १८८८ ला पेटंटही मिळालं. पण हे जाड टायर त्या वेळच्या सायकलींच्या अरुंद फोर्कमध्ये बसेनात. टायर बदलायचा तर फ्रेमही बदलायला हवी! बेलफास्टच्या एडलिन कंपनीने रुंद फोर्कच्या सायकली करून दिल्या. १८ मे १८८९ ला विली ह्यूम हा स्थानिक सायकलपटू अशी सायकल घेऊन शर्यतीत उतरला. त्या फुगीर टायरांची आधी खूप चेष्टा झाली. पण जिंकला तोच. त्याने हरवलेल्यांत हार्वी दु क्रो या व्यापाऱ्याची मुलंही होती, आणि याच दु क्रो यांनी डब्लिनमध्ये टायरची कंपनी काढली.

इथपर्यंत सगळं गोड. पुढे कळलं की रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या इंजिनिअरने हीच कल्पना १८४५ मध्येच, वयाच्या २३ व्या वर्षी पेटंट केली होती. त्याने घोडागाडीला हवेची चाकं लावून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये चालवूनही दाखवली होती. डनलॉप यांचं पेटंट रद्द! मग श्रेय कुणाचं? हॉस्टेलवर यावर वाद झाला तर मी दोघांच्याही बाजूने बोलेन. कल्पना थॉमसनचीच आधी. पण १८४५ मध्ये तिची खरी गरज असलेली सायकलच नव्हती. डनलॉप यांनी थॉमसनचं काम माहीत नसताना तीच वाट शोधली, आणि ती लहान चाकाच्या सायकलपर्यंत नेली.

आपल्या सायकल स्टँडवर आजही हा इतिहास उभा आहे. वॉलट्यूबवाला जो व्हॉल्व्ह आपण वापरतो तो वुड्स नावाच्या माणसाचा, पण जगभर त्याला डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. २४ इंची फ्रेमवर बुटका मुलगा बसला की प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे हलते, ते पाहून स्टार्ली यांना वाईट वाटलं असतं. टाच पेडलवर ठेवून, पेडल अगदी खाली असताना पाय सरळ होईल इतकी सीट ठेवा. चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकतो. आणि टायर दगडासारखा टणक फुगवला की सायकल जास्त पळते, हा समज आपल्या गेटसमोरच्या रस्त्यावर तरी खोटा आहे. आता शर्यतीवालेसुद्धा २३ मिलिमीटरचे टायर सोडून २८ मिलिमीटरपर्यंत आलेत.

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती ३० लाख पौंडांना विकली गेली आणि घेणाऱ्याने लगेच ती ५० लाखांना बाजारात आणली. त्यातलं फारसं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी लिहून ठेवलेला टायरचा इतिहास नंतर त्यांच्या मुलीने छापून घेतला.