बाबासाहेबांनी भाड्याने देण्यासाठी एक इमारत बांधली होती, ती त्यांनी का विकली?

बोईसर, पालघर, सफाळे या पट्ट्यात हातात थोडे पैसे जमले की माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो दोन रूम काढायचा. तारापूर एमआयडीसीत कामाला येणाऱ्याला राहायला जागा लागतेच. मग गणित सोपं वाटतं. कर्ज काढायचं, रूम बांधायच्या, भाड्यातून हप्ता फेडायचा आणि हप्ता संपला की पुढची रूम.

नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका बॅरिस्टरांनी साधारण असाच हिशोब मांडला होता. त्यांचं नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

महाडचा सत्याग्रह, पुणे करार, संविधान या सगळ्यावर भरपूर बोललं जातं. घरमालक बाबासाहेब हा विषय मात्र सहसा निघत नाही. खरं तर त्यांच्या आयुष्यात घर, भाडं आणि कर्ज या तीन गोष्टी शेवटपर्यंत होत्या.

सुरुवात भाड्याच्या खोलीपासूनच झाली. सुभेदार रामजी सकपाळ 1904 च्या सुमारास कुटुंबाला घेऊन मुंबईत आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत राहिले. खोली एकच. स्वयंपाक, झोपणं, भांडीकुंडी सगळं तिथेच. पोराचा अभ्यास व्हावा म्हणून वडील त्याला मध्यरात्रीनंतर उठवायचे, कारण तेव्हाच घरात शांतता असायची.

पुढे 1912 मध्ये हे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत आलं. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट. 1896 ला मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये माणसं पटापट मेली आणि त्यातून 1898 मध्ये हा ट्रस्ट उभा राहिला. नवे रस्ते काढायचे, वस्त्या मोकळ्या करायच्या आणि कामगारांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचं काम. आंबेडकरांच्या वाट्याला चाळ क्रमांक एकमधल्या 50 आणि 51 नंबरच्या समोरासमोरच्या खोल्या आल्या. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पदव्या घेतलेला माणूस जवळपास वीस वर्षं याच दोन खोल्यांतून कारभार करत होता.

पण भाडेकरू असणं म्हणजे काय, याचा खरा धडा त्यांना मुंबईत नाही, बडोद्यात मिळाला.

1917 चा सप्टेंबर. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आल्यामुळे करारानुसार त्यांना संस्थानात नोकरी करायची होती. ते बडोद्यात पोहोचले, पण राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात जात आडवी येणार हे माहीत होतं. शेवटी एका पारशी सरायीत रोज दीड रुपया देण्याच्या बोलीवर सोय झाली. सराय फक्त पारशांसाठी असल्यामुळे रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहावं लागलं. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायचं फर्मान निघालं. ओळखीच्यांकडे विचारून झालं, कुणीही घरात घेतलं नाही. काही तास कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

पैसे द्यायची तयारी होती, सरकारी नोकरी होती, शिक्षण तर विचारूच नका. तरी घर नाही. आजही रूम दाखवण्याआधी आडनाव विचारणारे घरमालक आहेत, त्यामुळे ही गोष्ट जुनी झाली असं म्हणवत नाही.

यानंतरची काही वर्षं कमाईची कमी आणि उसनवारीची जास्त. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं आणि लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण झालं. 1923 ला परत येऊन त्यांनी वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे श्रीमंत पक्षकार येणार कुठून? म्हणून जोडीला शिकवणंही सुरू राहिलं. आधी बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत मर्कंटाइल लॉ, मग सरकारी लॉ कॉलेज.

1930 च्या आसपास वकिलीत जरा जम बसला. एव्हाना चाळीच्या खोल्यांमध्ये माणसांपेक्षा पुस्तकं जास्त झाली होती. तेव्हा बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन प्लॉट घेतले. एक प्लॉट स्वतःच्या घरासाठी आणि दुसऱ्यावर भाड्याने देण्यासाठी इमारत, असा बेत होता. बांधकामासाठी बँकेचं कर्ज काढलं.

या जागेची निवड नीट बघण्यासारखी आहे. दादर-माटुंग्याची ही वसाहत त्याच इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या योजनेतून आखलेली होती. सरळ रस्ते, आखीव प्लॉट, मध्यमवर्गीय नोकरदारांची मागणी आणि रेल्वे स्टेशन जवळ. म्हणजे ज्या ट्रस्टच्या चाळीत ते भाडेकरू होते, त्याच ट्रस्टने आखलेल्या वस्तीत ते घरमालक झाले. कागदपत्रांच्या बाबतीत तर आखीव वसाहतीसारखं सुख नाही. पालघर जिल्ह्यात जागा घेणाऱ्याला हे लगेच कळेल. इथे बरीच जमीन आदिवासींच्या नावावर आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार सरकारी परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला घेता येत नाही. नोटरीच्या कागदावर स्वस्तात मिळालेल्या जागेवर चाळ उभी करणाऱ्यांचे पैसे इथेच अडकतात.

भाड्याची इमारत आधी पूर्ण झाली, 1932 मध्ये. तिचं नाव 'चार मिनार'. स्वतःचं घर 1933 मध्ये तयार झालं. त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीचं नाव दिलं, राजगृह. भाडं देणारी इमारत आधी आणि स्वतःचं घर नंतर, हा क्रम कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाचा आहे. विशेष म्हणजे हे सगळं बांधकाम चालू असताना मालक बराच काळ जागेवर नव्हते. गोलमेज परिषदांसाठी लंडनच्या वाऱ्या सुरू होत्या आणि 1932 च्या सप्टेंबरमध्ये पुणे करार झाला. साइटवर उभं राहून विटा मोजायला वेळ कुणाला होता?

घर झालं, पण रमाबाईंना ते फार काळ लाभलं नाही. 27 मे 1935 रोजी राजगृहातच त्यांचं निधन झालं.

आता एक प्रश्न पडतो. जो माणूस स्वतः भाडं घेतो, तो शेतकऱ्यांच्या बाजूने जमीनदारीविरुद्ध कसा लढेल? 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातला खोत गावाचा सारा गोळा करायचा आणि कुळांकडून त्याहून कितीतरी जास्त वसूल करायचा. तो जमिनीत काही घालत नव्हता, वरून कुळाला वेठीला धरत होता. कर्ज काढून इमारत बांधणारा आणि ठरलेलं भाडं घेणारा मालक वेगळा. दोघांच्या उत्पन्नाला भाडं म्हणता येईल, पण बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हा फरक त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

चार मिनारच्या भाड्याचा उपयोग काय होता, हे त्यांच्या परिस्थितीकडे पाहिलं की समजतं. पाठीशी वडिलोपार्जित इस्टेट नव्हती. चळवळ, वर्तमानपत्रं, 1936 ला काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष या सगळ्यात पैसा जातच होता. वकिली करायची तर कोर्टात उभं राहावं लागतं, आणि राजकारण कोर्टात उभं राहू देत नाही. अशा माणसाला दर महिन्याला येणारं भाडं म्हणजे मोठा आधार.

तरीही 9 मे 1941 रोजी त्यांनी चार मिनार विकून टाकली. कारण दोन, डोक्यावरचं कर्ज आणि पुस्तकांची खरेदी. कर्जासाठी मालमत्ता विकणारे पुष्कळ असतात. पुस्तकांसाठी भाड्याची अख्खी इमारत विकणारा घरमालक शोधून सापडायचा नाही. निव्वळ गुंतवणूकदाराच्या चष्म्यातून पाहिलं तर हा वेडेपणा आहे.

की नाही? पुढे काय झालं ते बघा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतल्या जुन्या जागांचं प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकलं. महागाई वाढत गेली, भाडी तिथेच राहिली आणि दुरुस्तीचा खर्चही निघत नाही म्हणून अनेक मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. बाबासाहेबांना 1941 मध्ये हे दिसलं होतं असं म्हणायला काही आधार नाही. त्यांना पुस्तकं हवी होती, एवढंच.

राजगृह मात्र त्यांनी विकलं नाही. आणि गंमत अशी की त्या घरात सलग राहणंही फारसं जमलं नाही. जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य म्हणून ते दिल्लीला गेले. पुढे कायदामंत्री झाले, सरकारी बंगल्यात राहिले आणि 1951 ला राजीनामा दिल्यावर 26, अलीपूर रोडच्या घरात गेले. तेही त्यांच्या मालकीचं नव्हतं. 6 डिसेंबर 1956 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचं पार्थिव विमानाने मुंबईला आणलं, ते आधी राजगृहात ठेवलं आणि 7 डिसेंबरला तिथूनच अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली.