एलिझाबेथ फ्राय : नोटेवरची आणि रोजनिशीतली

इंग्लंडमधील तुरुंग सुधारणेच्या इतिहासात एलिझाबेथ फ्राय हे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. बँक ऑफ इंग्लंडने २००२ मध्ये तिचे चित्र पाच पौंडांच्या नोटेवर छापले. ती नोट २०१७ मध्ये चलनातून बाद झाली. मात्र नोटेवरची ही शांत, समाधानी स्त्री आणि लंडन व नॉरिच येथील अभिलेखागारांत जतन केलेल्या तिच्या हस्तलिखित रोजनिशीतली स्त्री यांत बरेच अंतर आहे.

तिचा जन्म १७८० मध्ये नॉरिचच्या गर्नी या सधन घराण्यात झाला. हे घराणे क्वेकर पंथाचे. या ख्रिस्ती पंथात पुरोहित नसतो. उपासना मौनातून होते आणि प्रेरणा झाल्यास स्त्रीलाही सभेत बोलता येते. अंतर्मनाचा हिशेब रोजनिशीत मांडण्याची प्रथाही क्वेकरांमध्ये रुजलेली. त्यामुळेच या घराण्याने पत्रे आणि वह्या यांचा मोठा ठेवा मागे ठेवला. एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीच्या, लुइझाच्या बालवयातील वहीत रविवारच्या कंटाळवाण्या सभेविषयीचा त्रागाही सापडतो.

१७९८ मध्ये विल्यम सेव्हरी या अमेरिकी क्वेकराचे प्रवचन ऐकायला एलिझाबेथ गेली ती लाल नाडीचे जांभळे बूट घालून. त्या प्रवचनाने तिच्या आयुष्याला वळण लागले. १८०० मध्ये जोसेफ फ्राय यांच्याशी तिचा विवाह झाला. पुढे तिला अकरा अपत्ये झाली.

१८१३ च्या कडाक्याच्या थंडीत ती लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेली. तेथे सुमारे तीनशे स्त्रिया आपल्या मुलांसह दाटीवाटीने कोंडलेल्या होत्या. तिने तान्ह्या मुलांसाठी कपडे नेले. नियमित काम सुरू व्हायला मात्र चार वर्षे गेली. मधल्या काळात घरात पैशांची ओढाताण होती आणि १८१५ मध्ये पाच वर्षांचीही न झालेली मुलगी दगावली. १८१७ मध्ये तिने स्त्री कैद्यांसाठी मंडळ स्थापन केले, शाळा काढली, शिवणकाम मिळवून दिले. विशेष म्हणजे तुरुंगातील प्रत्येक नियम कैद्यांपुढे मतासाठी मांडला गेला आणि शिक्षिकाही त्यांच्यातूनच निवडली गेली. घड्याळाच्या चोरीत शिक्षा झालेली मेरी कॉनर ती! पुढच्याच वर्षी संसदीय समितीपुढे एलिझाबेथची साक्ष झाली.

कीर्ती वाढत होती, तसे टीकाकारही. परक्यांच्या लेकरांसाठी झटताना स्वतःच्या मुलांकडे दुर्लक्ष होते, असा आक्षेप आप्तांकडूनच येई. रोजनिशीत तीच टोचणी वारंवार उमटते. १८२१ मध्ये मुलगी रेचेलने पंथाबाहेरचा वर निवडला. पंथाचा नियम पाळून आई लग्नाला गेली नाही. १८२८ मध्ये पतीची पेढी बुडाली, प्लॅशेटचे घर सोडावे लागले आणि क्वेकर समाजाने जोसेफला बहिष्कृत केले. भाऊ जोसेफ जॉन गर्नी याच्या आर्थिक आधारावर तिचे कार्य टिकले. १८४० मध्ये तिने परिचारिकांच्या प्रशिक्षणाचीही व्यवस्था केली. १८४५ मध्ये रॅम्सगेट येथे तिचे निधन झाले.

दोनच वर्षांनी मुलींनी रोजनिशीतील निवडक उताऱ्यांचे द्विखंडी चरित्र प्रसिद्ध केले. त्यात आईची धर्मनिष्ठा ठळक झाली. नैराश्य आणि घरातले ताण मात्र बव्हंशी गाळले गेले. संपादक दोघी होत्या, कॅथरीन आणि रेचेल. जिच्या लग्नाला आई गेली नव्हती, तीच ही रेचेल. मूळ वह्या मात्र टिकल्या आणि १९८० मध्ये जून रोझ यांनी त्यांच्या आधारे नवे चरित्र लिहिले.