काका आणि पुतण्या

मुलांनो, हजरत यूसुफ (अ.स.) यांची हकिकत तुम्ही घरी ऐकलीच असेल. ती कुरआनमध्ये आहे, तशीच बायबलमध्येही आहे. भावांनी मत्सराने यूसुफना विहिरीत टाकले. पुढे यूसुफनी त्यांना माफ केले आणि सारे घर पुन्हा एक झाले. थोरले माधवराव पेशवे यांच्या घरात मात्र असे घडले नाही.

माधवरावांचा जन्म १७४५ सालचा. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर त्यांचे थोरले बंधू विश्वासराव मारले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये वडील नानासाहेब वारले. सोळाव्या वर्षी, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयात, माधवराव पेशवे झाले.

त्यांचे काका रघुनाथराव शूर होते. कारभार आपल्याच हाती राहावा, असे त्यांना वाटे. पुतण्या स्वतः निर्णय घेऊ लागला, तसे ते रुसले. १७६२ मध्ये निजामाची मदत घेऊन ते पुतण्यावरच चालून गेले. तेव्हा माधवरावांनी काय केले असेल? राज्य फुटू नये म्हणून आळेगाव येथे ते स्वतःहून काकांच्या स्वाधीन झाले! कोणी याला हार म्हणेल. मला तरी त्यात धैर्यच दिसते. पुढच्याच वर्षी राक्षसभुवन येथे दोघांनी मिळून निजामाचा पराभव केला.

पण काकांच्या मनातली अढी गेली नाही. त्यांनी राज्याचा अर्धा वाटा मागितला. धुळ्याहून नाशिकला जाताना चांदवडच्या बाजूला सातमाळ्याचे डोंगर दिसतात. त्यांतच धोडपचा किल्ला आहे. तेथे १७६८ साली काका-पुतण्याच्या फौजा लढल्या. रघुनाथराव हरले. माधवरावांनी त्यांना पुण्यास नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. काकांच्या जिवाला त्यांनी धक्का लावला नाही. पण मने काही जुळली नाहीत.

पुढे माधवरावांना क्षयरोग झाला. शेवटच्या दिवसांत त्यांनी काकांना थेऊरला बोलावून घेतले आणि धाकटा भाऊ नारायणराव याला त्यांच्या हवाली केले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते वारले. वय अवघे सत्तावीस!

नारायणराव पेशवे झाले आणि काका पुन्हा कैदेत गेले. माधवरावांना जाऊन वर्षही झाले नव्हते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. कारभारी त्यांच्या विरुद्ध उभे राहिले, तेव्हा ते इंग्रजांकडे गेले. १७७५ मध्ये सुरतेला तह झाला आणि पेशव्यांच्या घरच्या भांडणात इंग्रजांची फौज उतरली. हे युद्ध १७८२ पर्यंत चालले. त्यानंतर पुढच्या वर्षी, १७८३ मध्ये, रघुनाथराव गोदावरीकाठी कोपरगाव येथे वारले.