दोन समुद्रांना जोडणारा मिठाचा कारभारी

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याला पाणलोटाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बालाघाटच्या डोंगररांगेच्या एका अंगाला पडलेला पाऊस सिंदफणेसारख्या नद्यांतून गोदावरीला मिळतो, तर दुसऱ्या अंगाचे पाणी सीनेतून भीमेकडे जाते. माथ्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला उरते ती टंचाई. उजनीचे पाणी उचलून खुंटेफळच्या साठवण तलावात आणण्याची योजना याच टंचाईतून जन्मली. पाणी दोन्हीकडे उतरून जाते. मग ते माथ्यावर आणायचे कोठून आणि टिकवायचे कसे? साडेतीनशे वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समधील एका माणसाने हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी आपले सारे वैभव पणाला लावले. त्याचे नाव पिएर-पॉल रिके. त्याने खोदलेला ‘कॅनाल द्यु मिदी’ आज फ्रान्सच्या अंतर्गत जलमार्गांवरून नौकेने भटकंती करू इच्छिणाऱ्यांच्या यादीत अग्रस्थानी असतो.

रिकेचा जन्म १६०९ साली बेझिए या गावी झाला, असे बहुतेक चरित्रकार मानतात. वडील गावातील प्रतिष्ठित आणि सधन गृहस्थ होते. पिएर-पॉलला ग्रीक-लॅटिनचे शिक्षण नव्हते आणि स्थापत्याचेही नव्हते. तो शिरला करवसुलीच्या व्यवसायात. त्या काळी फ्रान्समध्ये मिठावर ‘गाबेल’ नावाचा कर होता आणि त्याच्या वसुलीचा मक्ता राजाकडून खासगी व्यक्तींना मिळत असे. मिठावरच्या कराची चीड म्हणजे काय, हे १९३० च्या सत्याग्रहाचा इतिहास शिकलेल्या मराठी वाचकाला सहज कळेल. फ्रेंच जनतेलाही हा कर तितकाच अप्रिय होता. रिकेने लांगदोक प्रांतातील या मक्त्यावर मोठी संपत्ती जमवली, बाँरपो येथील जहागीर विकत घेतली आणि पन्नाशी गाठली. सुखाने निवृत्त व्हावे, अशीच त्याची परिस्थिती होती.

मात्र मिठाच्या कोठारांच्या निमित्ताने गावोगाव फिरताना त्याला प्रांताचा भूगोल तळहातासारखा पाठ झाला होता. रस्ते वाईट होते आणि मालाची ने-आण खर्चिक होती. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरून भूमध्य समुद्रात जायचे, तर जहाजांना संपूर्ण स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे सुमारे तीन हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागे. वाटेत चाच्यांचे भय आणि स्पेनशी वैर. दोन्ही समुद्र कालव्याने जोडावेत, ही कल्पना पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून दरबारात चर्चेत होती. गारोन नदी अटलांटिककडे वाहते आणि ओद नदी भूमध्य समुद्राकडे. त्यांच्यामध्ये नोरूझचा उंचवटा आहे. प्रत्येक योजना येऊन अडे ती याच उंचवट्यावर.

अडचण साधी, पण जीवघेणी होती. कालव्यातील नौका चढ-उतार पार करते ती ‘लॉक’ नावाच्या हौदांतून. दारे बंद करून हौद भरला की नौका वर उचलली जाते आणि रिकामा केला की खाली येते. माथा ओलांडणारी प्रत्येक नौका माथ्यावरचे हौदभर पाणी दोन्ही बाजूंना खाली सोडते. म्हणजेच सर्वांत उंच जागी सर्वांत जास्त पाणी लागते आणि निसर्ग नेमके तेथेच ते ठेवत नाही.

रिकेने उत्तर शोधले ते नोरूझच्या ईशान्येकडील ‘काळ्या पर्वतात’. तेथे पाऊस भरपूर पडतो आणि ओढे उन्हाळ्यातही वाहते राहतात. हे ओढे अडवून, डोंगराच्या कडेकडेने चर खणून पाणी नोरूझला आणायचे, असा त्याचा बेत होता. रेव्हेल येथील पिएर काँपमास या पाण्याच्या वाटा जाणणाऱ्या कारागिराने त्याला डोंगर दाखवला, तर फ्रान्स्वा आंद्रेओसी या तरुण अभियंत्याने मोजमापे आणि नकाशे केले. बाँरपोच्या बागेत रिकेने कालव्याची छोटी प्रतिकृतीही बनवून घेतली. नोव्हेंबर १६६२ मध्ये त्याने चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याला पत्र लिहून योजना मांडली.

कोल्बेर उत्साही होता, पण भोळा नव्हता. एका करवसुली करणाऱ्या माणसाच्या शब्दावर खजिना उघडणे शक्य नव्हते. आयोग नेमला गेला, पाहणी झाली, शंका निघाल्या. तेव्हा रिकेने स्वतःच्या खर्चाने चाचणीचा चर खणण्याची तयारी दाखवली. १६६५ मध्ये काळ्या पर्वतातील पाणी त्या चरातून खरोखरच नोरूझला पोहोचले आणि वाद संपला. ऑक्टोबर १६६६ मध्ये राजाज्ञा निघाली. कालवा बांधायचा, तो राखायचा आणि त्यावरील नौकांकडून कर घ्यायचा, असा वंशपरंपरागत हक्क रिकेला मिळाला. खर्चात राजा आणि लांगदोकची प्रांतसभा यांच्याबरोबर त्याचाही मोठा वाटा ठरला.

१६६७ मध्ये सँ-फेरिऑल धरणाची पायाभरणी झाली. सुमारे ७८० मीटर लांबीच्या मातीच्या आणि दगडी भिंतींच्या या धरणात साठ लाख घनमीटरहून अधिक पाणी मावते. त्या काळच्या युरोपात एवढे मोठे धरण नव्हते. कालव्यावर ऐन भरात सुमारे बारा हजार माणसे राबत होती आणि त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. पिरेनीज पर्वतातून आलेल्या स्त्रियांना डोंगरउतारावरून पाणी खेळवण्याचे पारंपरिक ज्ञान होते आणि त्याचा कालव्याला उपयोग झाला, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मजूर टिकावेत म्हणून रिकेने मासिक वेतन सुरू केले. पावसामुळे काम बंद राहिले, सणवार आला किंवा मजूर आजारी पडला, तरी वेतन कापले जात नसे. सतराव्या शतकात हे अपूर्वच होते. परंतु या वेतनाचा पैसा काही अंशी त्याच मिठाच्या करातून येत होता. रुसियों प्रांतात गाबेलविरुद्ध डोंगरी लोकांनी बंड केले, तेव्हा तेथील वसुलीचा मक्ताही रिकेकडेच होता. त्याच्या चरित्रातील ही विसंगती झाकता येत नाही.

अपयशही वाट्याला आले. तुलूजजवळच्या पहिल्या लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने कोसळल्या. रिकेने आकारच बदलला. भिंतींना बाहेरच्या बाजूस कमानीसारखा फुगवटा दिला आणि त्या टिकल्या. आजही कालव्यावरील लंबगोल लॉक पाहून पर्यटक नवल करतात. बेझिएजवळ फाँसेरान येथे कालव्याला सुमारे साडेएकवीस मीटर खाली उतरवायचे होते. तेथे एकाला एक जोडलेल्या आठ हौदांचा जिनाच बांधण्यात आला. त्याआधीच्या मालपास टेकडीचा दगड ठिसूळ असल्याने बोगद्याला विरोध झाला, काम थांबवण्याचे आदेश आले. पण रिकेने गुपचूप खोदकाम चालू ठेवून बोगदा आरपार नेला, असे सांगितले जाते. नौका जाण्यासाठी खोदलेला हा युरोपातील पहिला बोगदा मानला जातो.

दरम्यान कोल्बेरचा विश्वास उडत चालला होता. रिके सरकारी पैसा दडवतो, असा संशय घेतला गेला आणि हप्ते रखडले. रिकेने कर्ज काढले. मुलींच्या हुंड्यासाठी राखलेली रक्कमही कालव्यात गेली. प्रकृती खालावली, तरी काम थांबले नाही. १ ऑक्टोबर १६८० रोजी तुलूज येथे त्याचा मृत्यू झाला. तेव्हा कालव्याचा अगदी शेवटचा, काही किलोमीटरचा तुकडाच तेवढा बाकी होता. पुढे त्याच्या मुलांनी तो पूर्ण केला आणि मे १६८१ मध्ये राजाच्या अधिकाऱ्यांनी नौकेतून कालव्याची पाहणी केली. मागे वीस लाखांहून अधिक लिव्हरांचे कर्ज राहिले. कुटुंबाला कालव्यातून नफा दिसू लागला तो १७२४ च्या सुमारास, म्हणजे रिकेच्या पश्चात चार दशकांनी.

कालव्याचे पुढचे आयुष्यही चढ-उतारांचे आहे. १६८६ मध्ये वोबाँ या सेनाअभियंत्याने पाहणी करून ओढे कालव्याखालून वा वरून नेण्याच्या सुधारणा सुचवल्या. १७८७ मध्ये थॉमस जेफरसन यांनी आपली घोडागाडी नौकेवर चढवून येथून प्रवास केला. १८५७ मध्ये बोर्दो ते सेत ही रेल्वे पूर्ण झाली आणि मालवाहतुकीला उतरती कळा लागली. १९९६ मध्ये युनेस्कोने कालव्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. काठावरील चिनारसदृश वृक्षांना २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाने ग्रासले असून हजारो झाडे तोडावी लागली आहेत.

आज तुलूजपासून ‘तो’ या खाजणापर्यंतच्या सुमारे २४० किलोमीटरच्या मार्गावर भाड्याची नौका घेता येते. अशा नौकांसाठी वेगळा परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी थोडक्यात शिकवणी दिली जाते. वेगाची मर्यादा ताशी आठ किलोमीटर असते. त्यामुळे सहलीचा आराखडा आखताना अंतरापेक्षा लॉकची संख्या जास्त मोजावी लागते. लॉक रात्री बंद असतात, दुपारी जेवणाची सुट्टी होते आणि हिवाळ्यात दुरुस्तीसाठी वाहतूक थांबते. घाई असलेल्याने येथे येऊच नये. हाताशी आठवडाच असेल, तर अनेक जण कास्तेलनोदारीहून निघून बेझिएच्या दिशेने उतरतात आणि शेवटी फाँसेरानचा जिना पाहतात.

बेझिएच्या चौकात रिकेचा पुतळा १८३८ पासून उभा आहे. त्याचे खरे स्मारक मात्र नोरूझच्या माथ्यावर आहे. समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवरील या ठिकाणी नौका लॉकमध्ये शिरते, दारे मिटतात आणि ज्या पाण्यावर ती तरंगत असते, ते काळ्या पर्वतातून त्याच चरांच्या वाटेने आलेले असते. माथ्यावर पाणी आणता येते, मात्र त्यासाठी आधी डोंगर पायाखाली घालावा लागतो, हे रिकेने सिद्ध केले. बालाघाटच्या माथ्यावर पाण्याची वाट पाहणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.